च. चाळीस

चोपड्याच्या तहसील कचेरीसमोर निंबाखाली
सावली सरकेल तसं टेबल सरकवत
माझा बाप अर्ज लिहायचा.
दगडू नथ्थू बाविस्कर, परवानाधारक अर्जनवीस.
सकाळी फाटकाशी बसलेला माणूस
पाच वाजता रसवंतीच्या दारात पोचलेला असे,
न उठता.

मी जरा लांबच्या कचेऱ्यांपुढे बसले.
मोन्रोव्हियात त्याला गार पाणी म्हणतात,
नैरोबीत काहीतरी छोटंसं.
आपलं चहापाणी मी समजावून सांगितलं
तेव्हा अख्खं टेबल हसलं,
काचेमागची दुभाषी बाईसुद्धा.

माय फोनवर विचारी,
"तू तठे काय करस व बाई?"
"कागद वाचस."
"इतली दूर कसाले? आठे काय कागद नही शेतस?"

चोवीस वर्षं वाचले.
कागदावर पूल, जागेवर नुसती नदी.
लसींच्या शीतपेट्या, ज्यांचे क्रमांक
कुणीतरी एका बसणीत, एकाच पेनानं रचलेले.
आणि व्हिएन्नात, लवादापुढे,
एका म्हाताऱ्या अभियंत्याची खिशातली वही:
दर गुरुवारी एक अक्षर, पुढे आकडा.
तो म्हणाला, मुलीच्या शिकवणीचे पैसे.
मी म्हटलं, गुरुवारी शिकवणी
आणि शुक्रवारी बिल मंजूर, सतरा वेळा?
तो पाणी प्यायला. बराच वेळ प्यायला.
त्या रात्री सहकाऱ्यांनी मला जेवण दिलं.
मुलीचं नाव मी विचारलं नव्हतं.
प्रकरणाला त्याची गरज नव्हती.

वैशाखात बाप गेला.
सेहेचाळीस अंश, पंखाही गरम वारा फेकत होता.
चौदाव्या दिवशी ट्रंक उघडली.
लाल कापडी पाठीच्या चोपन्न वह्या.
तारीख, अर्जदार, विषय, मजुरी.
आणि समासात, मधूनमधून, बारीक:
किसन पावरा, रेशनकार्ड, मजुरी दोन, च. पाच.
लीलाबाई शिरसाठ, विधवा पेन्शन, मजुरी निरंक, च. दहा.
मी चष्मा पुसला.
हे मला वाचता येतं.
याचाच मला पगार मिळतो.

सवयीनं बेरीज करत गेले.
कुणाच्या खिशातून निघाले, कुणाच्या हातात पडले,
मधल्या हाताला काही चिकटलं का,
समासात एवढं मावत नाही.
मग एकोणिसाव्या वहीत:
१४ जून १९८९. कु. मंदाकिनी द. बाविस्कर.
उत्पन्नाचा दाखला. मजुरी निरंक.
च. चाळीस.

त्या दाखल्यावर फी माफ झाली,
फीमाफीवर वकिली, वकिलीवर शिष्यवृत्ती,
शिष्यवृत्तीवर विमान.
उत्पन्न खरं होतं, दाखला खरा होता.
खऱ्याचेच चाळीस.

माय ओट्यावर लसूण सोलत होती.
"नानांच्या वहीत हे च काय आहे?"
तिनं वर पाहिलं नाही.
"चहा. आखो काय?"
पुढचा प्रश्न माझ्या तोंडात तयार होता,
नेहमीचा, सतरा वेळांचा.
मी तिच्यासमोर बसून लसूण सोलायला लागले.
साल नखाखाली गेली की झोंबतं.

सोमवारी वारसनोंदीला गेले.
सैंदाणे तलाठी खुर्चीतून उठले.
"तुम्ही दगडूनानानी आंडेर ना?
माझा नोकरीचा पहिला अर्ज त्यांच्याच हातचा."
पोराला हाक गेली, दोन चहा.
माझ्या करारात एक कलम आहे,
काहीही घेतलं तर नोंदवा.
खिडकीतून निंब दिसत होता, खाली आता
झेरॉक्सवाल्याची टपरी.
मी चहा घेतला.

घरी येऊन शेवटच्या वहीत
त्याच्या शेवटच्या ओळीखाली तारीख घातली.
विषय: वारसनोंद. मजुरी: निरंक.
समासात च.
पुढे आकडा काय लिहावा, ठरेना.
कप अर्धाच भरलेला होता
आणि साखर फार.